पोखर्णीच्या पॉकेटात मार्शल!

माहीत आहे का? एकेकाळी गिटारचा दणदणीत आवाज काढायला तीस किलोचा ॲम्प, चार स्पीकरचं कपाट आणि ते उचलायला दोन दणकट मित्र लागायचे. आज तोच आवाज मोबाइलमध्ये मावतो!

परभणी-गंगाखेड रस्त्यावरच्या पोखर्णीत गिटार छेडणारी पोरं-पोरी असोत, नाहीतर लंडनचा रॉकस्टार. सगळ्यांपुढे आज एकच सवाल आहे. व्हॉल्वचा जुना ॲम्प धरून बसायचं, की डिजिटल मॉडेलरवर उडी मारायची?

फैसला शेवटी करू. आधी फॅक्ट्सचा फराळ! जॅक लावा, व्हॉल्यूम वाढवा. एक, दोन, एक-दोन-तीन-चार!

ओळखपरेड: तीस सेकंदांत

जुनी रिग म्हणजे गिटार, मग पायाखालची पेडल्स, मग ॲम्प, मग स्पीकर. प्रत्येक टप्प्यावर आवाजाला थोडा मसाला लागतो.

मॉडेलर म्हणजे एक छोटा कॉम्प्युटर. तो गिटारचा सिग्नल आकड्यांत बदलतो, ‘अमुक ॲम्पने या सुराचं काय केलं असतं?’ याचं गणित मांडतो आणि उत्तर पुन्हा आवाजात देतो. सेकंदाला चाळीस हजारांहून जास्त वेळा! तुमचं एक बोट तारेवर, त्याची आकडेमोड वारेवर.

गिटार न येणारा गिटारसम्राट

माहीत आहे का? स्ट्रॅटोकास्टर ही जगातली सर्वांत ओळखीची इलेक्ट्रिक गिटार ज्याने बनवली, त्या लिओ फेंडरला गिटार वाजवताच येत नव्हती! तो होता रेडिओ दुरुस्त करणारा. १९३८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनला त्याने रेडिओचं दुकान टाकलं आणि तिथूनच ॲम्पची गाडी सुटली.

दुसरा धक्का घ्या. मार्शल ॲम्पवाला जिम मार्शल गिटारिस्ट नव्हताच, तो ड्रम शिकवायचा! लंडनमधल्या त्याच्या दुकानात येणारी पोरं म्हणायची, अमेरिकेचा फेंडर ॲम्प फार महाग पडतो. १९६२ मध्ये जिमच्या माणसांनी फेंडरच्या ‘बेसमन’ ॲम्पचं सर्किट समोर ठेवून आपला ॲम्प बांधला. नाव जेटीएम ४५, म्हणजे जिम आणि त्याचा मुलगा टेरी मार्शल.

म्हणजे बघा, मार्शल हासुद्धा सुरुवातीला एका दुसऱ्या ॲम्पचं ‘मॉडेल’च होता! डिजिटलला ‘नक्कल, नक्कल’ म्हणणाऱ्यांना ही गोष्ट जरूर ऐकवा.

बिघडला ॲम्प, गाजलं गाणं

माहीत आहे का? इलेक्ट्रिक गिटारचा तो फाटलेला, गुरगुरता आवाज चक्क बिघाडातून जन्मला आहे.

१९५१: ‘रॉकेट ८८’ गाण्याच्या रेकॉर्डिंगला जाताना ॲम्पच्या स्पीकरचा कोन फाटला. त्यात कागद कोंबला, रेकॉर्डिंग केलं, गाणं हिट!

१९५८: लिंक रेने आपल्या स्पीकरला पेन्सिलीने भोकं पाडली आणि ‘रंबल’ वाजवलं. काही रेडिओ स्टेशनांनी त्यावर बंदी घातली. गंमत म्हणजे त्यात एकही शब्द नाही! नुसत्या आवाजाची भीती!

१९६१: मार्टी रॉबिन्सचं एक गाणं गाजलं. नॅशव्हिलमध्ये त्याच्या रेकॉर्डिंगच्या वेळी मिक्सरचा एक चॅनेल बिघडला आणि गाण्यात भुंग्यासारखा सूर उमटला. पुढच्याच वर्षी तसा आवाज देणारं ‘फझ’ पेडल बाजारात आलं.

१९६४: ‘द किंक्स’च्या डेव्ह डेव्हिसने छोट्या ॲम्पच्या स्पीकरवर सरळ ब्लेड चालवलं. गाणं इंग्लंडमध्ये पहिल्या नंबरवर!

आज हुशार इंजिनीअर हेच सगळे बिघाड कोडमध्ये हुबेहूब उतरवण्यासाठी रात्रंदिवस खपतात. फाटलेल्या स्पीकरला एवढा मान दुसऱ्या कुठल्या धंद्यात मिळेल?

नळीत दडलंय काय?

आजोबांच्या काळातला व्हॉल्वचा रेडिओ आठवतो का? बटण दाबलं की आधी लालसर उजेड, मग थोडी वाट, मग बातम्या. गिटारच्या ॲम्पमध्ये तेच व्हॉल्व बसतात. पहिला व्हॉल्व १९०४ मध्ये इंग्लंडच्या जॉन फ्लेमिंगने बनवला. सिग्नल मोठा करणारी त्याची पुढची आवृत्ती अमेरिकेच्या ली डी फॉरेस्टने १९०६ मध्ये आणली.

भारतातही व्हॉल्व बनायचे. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६० च्या दशकात रेडिओसाठी ते तयार केले आणि जुन्या ॲम्पचे शौकीन आजही ते शोधत फिरतात.

आज गिटार ॲम्पचे बहुतेक व्हॉल्व तीनच देशांतून येतात: रशिया, चीन आणि स्लोव्हाकिया. मार्च २०२२ मध्ये रशियाने निर्यात अडवली आणि जगभरच्या गिटारिस्टांच्या घशाला कोरड पडली! शंभर वर्षं जुनं तंत्र, पण जीव तीन देशांच्या हातात.

आणि एक गंभीर फॅक्ट. व्हॉल्व ॲम्पच्या पोटात ४०० व्होल्ट किंवा त्याहून जास्त खेळतात. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज साठून राहतो. म्हणून हौसेने मागचं झाकण उघडू नका. ते काम जाणत्या मेकॅनिकचंच.

डीम लाईटचा झकास आवाज

संध्याकाळ झाली, मोटारी सुरू झाल्या, की गावात लाईट डीम. वैताग ना? पण माहीत आहे का, एडी व्हॅन हेलन हा अमेरिकेचा गिटारवीर पैसे खर्च करून मुद्दाम लाईट डीम करायचा!

त्याने मार्शलच्या आधी व्हेरिॲक नावाचं यंत्र लावलं आणि व्होल्टेज सुमारे ९० वर उतरवलं. ॲम्प थोडा दमला, आवाज मऊ आणि तपकिरी झाला. त्याच आवाजाला चाहते ‘ब्राऊन साउंड’ म्हणतात. आजच्या चांगल्या मॉडेलरमध्ये चक्क ‘व्होल्टेज कमी करा’ असं बटण असतं. आपल्याकडे फुकट मिळणारी गोष्ट तिथे मेनूत!

मात्र हे घरी करून बघू नका. व्हेरिॲकचं व्होल्टेज ठरवलेलं आणि स्थिर होतं, आपलं वर-खाली नाचतं. व्हॉल्व ॲम्पला ते सोसत नाही. त्याला स्टेबिलायझर द्याच. आणि लाईट गेली तर? व्हॉल्व ॲम्प ऐकू येणाऱ्या आवाजापेक्षा कितीतरी जास्त वीज उष्णतेत घालवतो, म्हणजे इन्व्हर्टरचा घास. छोटे मॉडेलर मात्र पॉवर बँकेवरसुद्धा चालतात. लोडशेडिंगच्या गावात हा पॉइंट थेट डिजिटलच्या खात्यात!

ॲम्पची घरघर कुठल्या पट्टीत?

माहीत आहे का? तुमच्या ॲम्पची घरघर सुरात असते! आपली वीज ५० हर्ट्झची. हार्मोनियमवर शोधलं तर हा सूर पांढरी पाचच्या थोडा वर येतो, अर्थात खूप खालच्या सप्तकात.

अमेरिकेची वीज ६० हर्ट्झची. तिथली घरघर काळी पाच आणि पांढरी सातच्या मधोमध अडकते, धड ना ही, धड ना ती. सुरेल घरघर हवी असेल, तर मंडळी, भारतात राहा!

या घरघरीवर १९५५ मध्ये गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हरने उपाय काढला. गिटारमध्ये एकाऐवजी दोन कॉइल, एकमेकींच्या उलट. दोघींची घरघर एकमेकींना खाते आणि सूर तेवढा उरतो. नाव ‘हमबकर’.

पाचगणीचा पोरगा आणि कचऱ्यातला ॲम्प

‘क्वीन’ बँडचा फ्रेडी मर्क्युरी शिकला कुठे? आपल्या पाचगणीत! सेंट पीटर्स शाळेत त्याने मित्रांसोबत ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँडही काढला होता.

आता त्याच क्वीनची भन्नाट गोष्ट. बँडचा बेसिस्ट जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याला लंडनमध्ये कचऱ्याच्या पेटीत एक सर्किट सापडलं. ते त्याने जुन्या स्पीकरच्या खोक्यात बसवलं आणि बॅटरीवर चालवलं. गिटारिस्ट ब्रायन मेने त्या ‘डीकी ॲम्प’वर एकावर एक ट्रॅक चढवून १९७५ च्या अल्बममध्ये चक्क बँडबाजासारखा आवाज काढला. एकटी गिटार, पण वाटावं क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट!

ब्रायन मेची गिटारही घरची. वडिलांसोबत जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड वापरून बनवलेली. आणि वाजवायला प्लेक्ट्रम? सहा पेन्सचं नाणं! ‘माझ्याकडे महागडं गिअर नाही’ म्हणणाऱ्या प्रत्येकाने हा पॅराग्राफ फ्रेम करून लावावा.

कानठळ्यांचं रेकॉर्डबुक

१९७२. लंडनचं रेनबो थिएटर. ‘डीप पर्पल’ बँडचा आवाज ११७ डेसिबल मोजला गेला आणि गिनीजने त्यांना सर्वांत मोठ्या आवाजाचा बँड ठरवलं. १९७६ मध्ये ‘द हू’ने १२६ डेसिबल गाठले. पुढे लोकांचे कान जाऊ नयेत म्हणून गिनीजने हा प्रकारच बंद केला.

माहीत आहे का? १०० वॅटचा ॲम्प ५० वॅटच्या दुप्पट मोठा ऐकू येत नाही. फरक फक्त ३ डेसिबलचा! कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. म्हणजे दहा वॅटवाल्याच्या दुप्पट आवाजासाठी शंभर वॅटवाला उगाच पाठ मोडून घेतो.

आता आपला कायदा बघा. वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद. व्हॉल्व ॲम्पचा खरा रंग मात्र व्हॉल्यूम चढवल्यावरच खुलतो. भिंतीला भिंत लागलेल्या गल्लीत तो खुलेपर्यंत शेजारचे काका दारात! मॉडेलरला हेडफोन लावा, मध्यरात्री मार्शल फाडा. काका झोपलेले, तुम्ही जागे, दोघेही खूश.

७५ टनांपासून २ किलोंपर्यंत

१९७४ मध्ये ‘ग्रेटफुल डेड’ बँडने स्टेजमागे ‘वॉल ऑफ साउंड’ उभी केली. सुमारे ६०० स्पीकर आणि वजन ७५ टनांच्या घरात! एका गावात मैफल चालू असतानाच पुढच्या गावात दुसरा सांगाडा उभा राहायचा. खर्चाने बँड इतका टेकीला आला की त्याच वर्षी हा थाट आवरता घ्यावा लागला.

आणि आज? ‘क्वाड कॉर्टेक्स’ नावाचा मॉडेलर दोन किलोंच्याही आत. त्यात ॲम्पची अख्खी गल्ली!

फेंडरनेही स्वतःच्याच बापाला टक्कर दिली. व्हॉल्वचा ‘ट्विन रिव्हर्ब’ सुमारे २९ किलोंचा. २०१९ मध्ये त्यांनीच ‘टोन मास्टर’ नावाचा त्याचा डिजिटल भाऊ काढला, वजन सुमारे १५ किलो. गंमत ऐका: ८५ वॅटच्या व्हॉल्व ॲम्पचा जोर गाठायला त्यात २०० वॅटचा डिजिटल ॲम्प बसवलाय!

एसटीत गिटार मांडीवर घेऊन बसता येतं. २९ किलोंचं धूड मात्र कंडक्टरकाकांना काय म्हणून सांगणार?

स्टेजवर ड्रायर, स्टेजवर कोंबडी!

कॅनडाच्या ‘रश’ बँडच्या गेडी लीने बेस गिटार थेट मिक्सरला लावायला सुरुवात केली. मग मागे ॲम्पची जागा रिकामी दिसायला लागली. त्याने काय ठेवलं असेल? कपडे वाळवायचे ड्रायर! नंतरच्या दौऱ्यात तर कोंबडी भाजायची मशीन!

आणि ज्या मेटल बँडच्या मागे मार्शलची भिंत दिसते, तिथली कितीतरी कपाटं आतून रिकामी असतात. नुसता शो! डोळ्यांसाठी भिंत, कानांसाठी एक छोटा खोका.

राजमा, जर्मनी आणि टीना

१९८२: ‘बॉस्टन’ बँडच्या टॉम शोल्झने ‘रॉकमन’ आणला. कमरेला लावायचा हेडफोन ॲम्प. शोल्झ एमआयटीत शिकलेला इंजिनीअर!

१९९० चं दशक: जपानच्या झूम कंपनीचा ‘५०५’ आला. ऑर्केस्ट्रातले आपले गिटारिस्ट ज्याला ‘प्रोसेसर’ म्हणतात, त्या जातीचा हा लाडका भिडू.

१९९८: लाईन ६ चा ‘पॉड’. लालभडक आणि आकार थेट राजम्याच्या दाण्याचा! घरात बसून रेकॉर्डिंग करणाऱ्यांचं नशीब याने बदललं.

२०११: ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणतो ना आपण? घ्या, जर्मनीही आली! तिथल्या क्रिस्टॉफ केम्परने ‘प्रोफायलर’ काढला. तो समोरच्या खऱ्या ॲम्पमध्ये चित्रविचित्र आवाज सोडतो, माइकमधून उत्तर ऐकतो आणि काही मिनिटांत त्या ॲम्पचा फोटो काढावा तसा आवाज टिपून घेतो.

पुढे फिनलंडच्या न्यूरल डीएसपीने ‘टीना’ नावाचा रोबोटच बनवला. टीनाचं काम एकच. ॲम्पची बटणं फिरवत बसायचं आणि प्रत्येक ठिकाणचा आवाज नोंदवायचा. ना चहाची सुट्टी, ना कंटाळा!

आणि सर्वांत गोड बातमी: स्टीव्हन ॲटकिन्सन यांनी बनवलेलं ‘न्यूरल ॲम्प मॉडेलर’ हे सॉफ्टवेअर चक्क फुकट आहे. जगभरचे गिटारिस्ट आपापल्या ॲम्पच्या नकला त्यात वाटतात. ज्या ॲम्पची किंमत ऐकून बाबा खुर्चीत बसतील, त्याचा आवाज गावातल्या लॅपटॉपवर शून्य रुपयांत!

बर्फावर मैफल, ॲम्पला सुट्टी

माहीत आहे का? ८ डिसेंबर २०१३ ला ‘मेटॅलिका’ने अंटार्क्टिकात मैफल केली! अर्जेंटिनाच्या कार्लिनी तळावर, घुमटाकार तंबूत, शे-सव्वाशे लोकांपुढे. तिथल्या पर्यावरणाला त्रास नको म्हणून स्पीकर नाहीत. सगळ्या श्रोत्यांच्या कानाला हेडफोन.

मार्शल-मेसाच्या भिंती उभ्या करणाऱ्या या बँडने त्यासाठी फ्रॅक्टलचे ‘ॲक्स-एफएक्स’ मॉडेलर घेतले. आवाज इतका पसंत पडला की नंतरच्या दौऱ्यांतही तेच! सातही खंडांवर मैफल करणारा पहिला बँड म्हणून गिनीजमध्ये नावही लागलं.

‘डिजिटल उशिरा वाजतं’ म्हणे!

हा आक्षेप हमखास येतो. आकडेमोडीला वेळ लागतो, हे खरंच. चांगल्या मॉडेलरला साधारण दोन-तीन मिलिसेकंद.

पण हवेलाही वेळ लागतो! आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. ॲम्पपासून तीन मीटर लांब उभे राहिलात, की झाला जवळपास नऊ मिलिसेकंद उशीर. मॉडेलर आणि हेडफोनवाला तुमच्या आधी ऐकतो!

बोनस फॅक्ट: ऊन जितकं जास्त, आवाज तितका जलद. २० अंशांना सेकंदाला ३४३ मीटर, ४० अंशांना सुमारे ३५५. म्हणजे परभणीच्या मे महिन्यात माणसं सावलीला बसतात आणि आवाज तेवढा पळतो!

उन्हावरून आठवलं. जुन्या फझ पेडलमधले जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर उष्णतेला फार हळवे. सकाळी सेट केलेला आवाज दुपारी बदलतो. मराठवाड्यात असं पेडल वापरायचं, तर ते सावलीतच ठेवा.

टेलिफोनची स्प्रिंग गिटारमध्ये

जुन्या ॲम्पमधला तो ओला, घुमणारा ‘रिव्हर्ब’ कशातून येतो? खऱ्या लोखंडी स्प्रिंगमधून! लांबच्या फोनवर आवाज पोहोचायला लागणारा उशीर तपासण्यासाठी बेल लॅबने स्प्रिंग वापरली होती. लॉरेन्स हॅमंडने ती आपल्या ऑर्गनमध्ये आणली आणि तिथून ती फेंडरच्या ॲम्पमध्ये उतरली. चालू ॲम्प जरा हलवा, आतून वीज कडाडल्यासारखा आवाज येतो. मॉडेलरला ती स्प्रिंगसुद्धा गणितात हलवावी लागते!

अहो, आपण तर आधीच डिजिटल!

शास्त्रीय संगीतवाल्यांनी हा प्रश्न गिटारवाल्यांच्या आधी सोडवला. बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक श्रुतिपेटी आणली. त्यांच्या ‘रॅडेल’ कंपनीचे इलेक्ट्रॉनिक तानपुरे घरोघरी गेले. आता तर फोनमध्ये ‘आयतबला प्रो’ उघडलं की तानपुरा आणि तबला दोन्ही हजर.

मग खरा तानपुरा संपला का? मुळीच नाही! मिरजेत आजही भोपळा निवडून, वाळवून, कोरून तानपुरे बनतात. मंगळवेढा-पंढरपूर पट्ट्यातले भोपळे त्यासाठी नावाजलेले. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. हा धंदा सुरू केला तो हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी. तलवारीचे हात तारेवर!

आणि जवारी! घोडीचा पृष्ठभाग किंचित घासून तारेला असा कोन देतात की एका सुरातून अनेक स्वर झणझणतात. मूळ सुरात वरचे सूर मिसळून तो भरदार करणं, हेच काम व्हॉल्व आपल्या पद्धतीने करतो. शेतात ज्वारी, तानपुऱ्यात जवारी: मराठी माणसाला ‘टोन’ कुणी शिकवायची गरजच नाही!

हळदीच्या रात्रीचा ऑक्टोपॅड? तोही डिजिटलच. रोलँडने १९८५ मध्ये आणला आणि आपल्या ऑर्केस्ट्राने त्याला असा काही दत्तक घेतला की आता त्याच्याशिवाय वरात हलत नाही.

नव्याला नाकं मुरडणंही जुनंच. माहीत आहे का, आकाशवाणीवर १९४० ते १९७१ हार्मोनियमला बंदी होती! ज्या पेटीशिवाय आज आपलं भजन उभं राहत नाही, तीच पेटी ‘परकी’ म्हणून तीस वर्षं दाराबाहेर!

बाजारात फसलेलं यंत्र, जगात गाजलेला सूर

रोलँडने १९८१ मध्ये ‘टीबी-३०३’ काढला. हेतू साधा: एकट्या गिटारिस्टला साथीला बेस गिटार मिळावी. पण तो बेससारखा वाजेचना! विक्री कोसळली, उत्पादन बंद.

तोवर मुंबईच्या चरणजित सिंह यांनी एक कमाल करून ठेवली होती. हिंदी सिनेमांच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या या कलाकाराने १९८२ मध्ये हाच ३०३, सोबत ‘टीआर-८०८’ आणि ‘ज्युपिटर-८’ घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. रेकॉर्ड तेव्हा कुणी फारशी विचारली नाही. शिकागोत ‘ॲसिड हाऊस’ संगीत जन्मलं त्याच्या काही वर्षं आधीची ही गोष्ट! २०१० मध्ये रेकॉर्ड पुन्हा निघाली आणि जगाने तोंडात बोट घातलं.

नकलेत नापास झालेलं यंत्र स्वतःच्या आवाजात पहिलं आलं. मॉडेलर घेणाऱ्यांनी ही गोष्ट मनावर घ्यावीच. त्यात जुना मार्शल शोधाच, पण कधीतरी असा आवाजही काढा जो कुठल्याच ॲम्पने कधी काढला नाही.

खरा बादशहा: स्पीकर!

माहीत आहे का? ॲम्प कुठला, यापेक्षा स्पीकर कुठला याने आवाज अनेकदा जास्त बदलतो! गिटारचा स्पीकर साधारण ५००० हर्ट्झच्या वरचा कर्कशपणा गाळून टाकतो. तो गाळला नाही, तर लाखमोलाचा ॲम्पही माशीसारखा गुणगुणतो.

म्हणून मॉडेलरमध्ये ‘आयआर’ असतो: खऱ्या कपाटाचा आणि माइकचा, सेकंदाच्या छोट्याशा तुकड्यात टिपलेला ठसा. नियम पाठ करा. मॉडेलर मिक्सरला किंवा पीएला (कार्यक्रमाच्या साउंड सिस्टिमला) लावला तर आयआर चालू. गिटार ॲम्पला लावला तर आयआर बंद. ‘डिजिटल गचाळ वाजतं’ या तक्रारींतल्या कितीतरी इथेच संपतात!

आणि सप्त्याच्या मंडपातला भोंगा? तो भाषणासाठी बनवलाय, गिटारसाठी नाही. साउंडवाल्या दादांना हक्काने सांगा, ‘दादा, लाईन कर्ण्यात नको, बॉक्समध्ये द्या.’

तिसरा रस्ता, पोखर्णी स्टाईल

पोखर्णीचं नाव निघालं की आधी आठवतो तो नृसिंह. रेल्वे स्टेशनचं नावसुद्धा पोखर्णी नृसिंह! आणि नृसिंहाची कथा तर सगळ्यांना तोंडपाठ: ना माणूस ना प्राणी, ना दिवस ना रात्र, ना घरात ना बाहेर. दोनच पर्याय आहेत असं वाटत असताना देवाने उंबरठ्यावर तिसरा काढला.

गिटारवाल्यांनाही तो खुला आहे. अर्धी रिग जुनी, अर्धी नवी! पेडल्स तुमचीच, पण त्यांच्यापुढे छोटा मॉडेलर. किंवा ॲम्प व्हॉल्वचा, पण स्पीकरच्या जागी लोड बॉक्स आणि आयआर. रात्री हेडफोन, यात्रेत पीए. एक सावधगिरी मात्र हवीच. व्हॉल्व ॲम्प स्पीकर किंवा लोड न लावता कधीही चालू करू नका, ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

झटपट फैसला: बोट ठेवा, उत्तर घ्या

घरात सराव, शेजार जवळ? डिजिटल.

लाईटचा भरवसा नाही? डिजिटल.

एसटीने प्रवास, वेगवेगळ्या गावांत कार्यक्रम? डिजिटल, डोळे मिटून.

घरी रेकॉर्डिंग? डिजिटल. सुरुवात फुकटच्या सॉफ्टवेअरने.

स्वतःची खोली, मोकळी जागा, एकच आवाज आणि तोच जीव की प्राण? व्हॉल्व. त्या हवेच्या धक्क्याला, तारेला हात लावताच अंगावर येणाऱ्या उत्तराला तोड नाही.

वीस वर्षं टिकवायचंय? इथेही व्हॉल्व भारी. १९६० च्या दशकातले ॲम्प आजही दुरुस्त होऊन गर्जतात. मॉडेलरची स्क्रीन किंवा चिप गेली, तर जवळच्या मेकॅनिकच्या हातात फारसं काही उरत नाही.

अजून मन डळमळतंय? मग कानांची परीक्षा घ्या. मित्राला सांगा, दोन्हींचा व्हॉल्यूम अगदी सारखा कर, कारण जरा मोठा आवाज कानाला नेहमी ‘चांगला’ वाटतो. मग पाठ फिरवून ऐका. ब्रँड नाही, बॉक्स नाही, फक्त सूर. ज्याने पुन्हा वाजवावंसं वाटलं, तो तुमचा.

आमचं मत मागाल तर छातीठोक सांगतो. पोखर्णीतून सुरुवात करणाऱ्याने आधी मॉडेलर घ्यावा आणि वाचलेले पैसे चांगल्या हेडफोनवर किंवा एका दमदार स्पीकरवर लावावेत. घरात व्हॉल्वचा ॲम्प असेल, तर तो विकू नका. त्याचा आवाज स्वतः टिपा, मॉडेलरमध्ये भरा आणि दोघांनाही कामाला लावा. गावातून निघालेला सूर मोठ्या स्टेजवर जायला आता ट्रक लागत नाही. लागतो तो रोजचा रियाज, आणि तो अजून कुठल्याच कंपनीने डिजिटल केलेला नाही!